गाठ सापडल्यानंतर

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरोग्य खात्याच्या बैठकीला गेलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "बायकाच तपासायला येत नाहीत हो, लाजतात." एम.एस.डब्ल्यू. करून कामाला लागले तेव्हा मीही हेच म्हणत असे, आणि माझ्या प्रत्येक अहवालात 'जाणीवजागृती' हा शब्द असे. आज या लाजेबद्दलच बोलायचं आहे.

केंद्र सरकारने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. तीस वर्षांवरच्या बायकांची स्तनाच्या कर्करोगासाठी सरकारी यंत्रणेतून दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असं त्यात आहे. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही, शिकवून तयार केलेला हात लागतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते की देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम ०.९ टक्के बायकांची स्तन-तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव जणी लाजल्या, असं समजायचं का?

सुरुवात आशाताईच्या फॉर्मपासून होते. स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येतं का, आकार बदलला आहे का, असे प्रश्न त्यात आहेत. आशाताई ते विचारते अंगणात, आणि ओट्यावर सासरा बसलेला असतो. ती स्वतःही त्याच गावची सून. 'स्तन' हा शब्द तिच्या तोंडून निघत नाही. (आपल्या मंडळातही तो उच्चारायला आपल्याला दोन बैठका लागल्या होत्या, आठवतं ना?) मग ती विचारते, "छातीत काही त्रास?" बाई म्हणते, "चढ चढताना धाप लागते." 'नाही'वर खूण होते. एका फॉर्मचे दहा रुपये मिळतात, त्यात यापेक्षा जास्त काय व्हावं? आशाताईला दोष देण्यात अर्थ नाही.

उपकेंद्रात जावं तर तपासणीच्या खोलीला आतून कडी नाही, खिडकीला पडदा नाही. आमच्या एका मावशींनी तिथल्या डॉक्टरांना सरळ सांगितलं, "आधी कडी बसवा, मग बघू."

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही शिबिर घेतलं. शाळेची खोली होती, आतून कडी होती, तपासायला बाई डॉक्टर होत्या. चौसष्ट बायका आल्या. कोणी लाजलं नाही. तिघींच्या स्तनात गाठ लागली, त्यांना आम्ही चिठ्ठ्या दिल्या. पेपरात फोटो आला. पुढे काय, याची तजवीज मात्र मी केलीच नव्हती.

दोघींच्या गाठी साध्या निघाल्या. बऱ्याचशा गाठी तशाच असतात. तिसरी ऊसतोडीला जाणारी. ती चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात गेली, तर सोनोग्राफीची तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. त्या दिवशी डॉक्टर रजेवर होते. सुईची तपासणी दुसऱ्या इमारतीत, तीही ठरावीक वारीच. प्रत्येक खेपेला एक रोज बुडत होता. तेवढ्यात दसरा झाला, मुकादमाची गाडी आली. उचल घेतलेली होती, ती गेली. चैत्रात परतली तेव्हा गाठ फुटून जखम झाली होती.

पुढचा उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला, हे मान्य करायला हवं. पण योजनेचा कागद हलायला आधी निदान हातात लागतं, आणि तिचे सहा महिने गेले ते त्या निदानाच्या अलीकडेच. मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुम्ही चिठ्ठी दिलीत. सोबत द्यायची होती."

कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला गाडी दारात येते, टाके बघायला नर्सबाई घरी येतात. तेव्हा बायका लाजतात असं कोणी म्हणत नाही.

नुसत्या हाताच्या तपासणीने काय होणार, असंही विचारलं जातं. टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या बायकांना, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी तपासलं. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये त्या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही लपवायला नको. आणि तिथे अंतर दोन वर्षांचं होतं, आपल्या सरकारी सूचनेत पाच वर्षांचं आहे. ज्यांची तपासणी संशयास्पद निघाली, त्यांना पुढे नेणारी यंत्रणाही तिथे उभी होती.

आता आमच्या वहीत 'सोबत कोण' असा एक रकाना आहे. ऊसतोडीच्या गावांत तपासणी श्रावणात उरकायची, म्हणजे गाड्या निघायच्या आत अहवाल हाती पडेल, असं पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिलं आहे. तोंडी होकार मिळाला आहे, लेखी यायचा आहे. येत्या सोमवारी दोघी सोनोग्राफीला जातील, प्रत्येकीबरोबर मंडळातली एकेक. साडेसहाची एसटी आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागतं, त्यामुळे पूर्वीच्या एकीच्या भाड्यात दोघी जाऊन येतात.