पुरंदरविठ्ठलाच्या भेटीला
(संगीत वर्गाच्या अभ्याससहलीस निरोप देताना केलेले भाषण)



नाताळापूर्वीच्या या सहलीत तुम्ही बंगळुरूला, इंदिरानगरातील पुरंदर भवनात, कर्नाटक संगीत ऐकणार आहात. भाषा अनोळखी म्हणून मन मिटू नका. ज्यांच्या नावाचे ते भवन, त्या पुरंदरदासांच्या पदांची मुद्रा ‘पुरंदरविठ्ठल’. तो विठ्ठल आपल्या अभंगांतलाच! गदगचे पंडित भीमसेन जोशी तुकोबांचे अभंग आणि दासांची कन्नड पदे सारख्याच तन्मयतेने गात. तेथील विद्यार्थी पहिले धडे मायामाळवगौळात गिरवतात. त्याचे स्वर आपल्या भैरवाचे. तो धागा धरून ऐका. मातृभाषेत शिकलेला कान दुसऱ्याच्या मातृभाषेला परका नसावा. परतताना एक कन्नड पद कंठात घेऊन या; शाळेला तीच भेट.