कालवणातला पारा

किनाऱ्याच्या पाण्यात आणि बाजारच्या मासळीत पारा, शिसे, कॅडमियम आदी धातूंचा अंश सापडल्याची वार्ता कानी आली की, आपल्याकडे तत्काळ दोन पक्ष पडतात: एक मासळीच वर्ज्य करणाऱ्यांचा, आणि दुसरा, मीठ-हळद चोळून कोकमाच्या आगळात मुरवली की सारे दोष जातात, असे मानून निर्धास्त बसणाऱ्यांचा. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत, त्यांतही दुसरा अंमळ कमीच. कारण पारा माशाच्या अंगावर बसलेला नसून मांसातील प्रथिनांशी जखडलेला असतो, तो धुण्याने जात नाही की शिजवण्याने. उलट तळताना तुकडीतील पाणी उडून गेल्यामुळे वजनाच्या मानाने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच.

जपानमधील मिनामाता या गावची कैफियत या बाबतीत विसरून चालणार नाही. तेथील रासायनिक कारखान्याचे पारामिश्रित सांडपाणी १९३२ पासून उपसागरात सोडले जात होते. प्रथम मासळी खाणारी मांजरे झिंगल्यासारखी वेडीवाकडी नाचू लागली, मग माणसांचे हातपाय लटपटू लागले, वाचा व दृष्टी मंदावली, आणि १९५६ साली या व्याधीची सरकारदप्तरी नोंद झाली. तरी तिचे मूळ कारखान्यात आहे असे सरकारने अधिकृतपणे कबूल करावयास १९६८ साल उजाडले. मधली बारा वर्षे त्या कोळ्यांनी काय खाल्ले असेल, याचा जाब कोणी कोणास विचारावा?

आपल्याकडे इतका अनर्थ झालेला नाही. परंतु ठाण्याच्या खाडीतील पाऱ्याविषयीचा शास्त्रीय निबंध १९८१ सालीच प्रसिद्ध झालेला आहे, तेव्हा हा विषय परमुलखातला म्हणून झटकून टाकता येत नाही. खाडीच्या तळाशी, जेथे प्राणवायू पोचत नाही अशा गाळात, सूक्ष्म जंतू साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि हे रूप प्लवकांतून कोळंबीत, कोळंबीतून लहान मासळीत, तिच्यातून सुरमईत आणि अखेर मुशीत असे पायरीपायरीने चढत जाताना दर पायरीस अधिकाधिक साचत जाते. म्हणून मासा जितका मोठा, जितका वयस्क आणि जितका हिंस्र, तितका त्यात पारा अधिक, हा सर्वसाधारण नियम.

आता हिशेब पाहू. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मिथिल पाऱ्याची साप्ताहिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या स्त्रीस आठवड्यास ८० मायक्रोग्रॅम. एखाद्या मोठ्या माशात किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा असेल, तर १६० ग्रॅम मांसातच ही मर्यादा भरते. तारली, मांदेली, बोंबील यांसारख्या अल्पायुषी मासळीत तो त्याच्या दहाव्या हिश्शाइतका असल्यास तेवढ्याच मर्यादेत दीड किलोहून अधिक मासळी बसते. गरिबाच्या ताटातील स्वस्त मासळी या बाबतीत श्रीमंताच्या तुकडीहून सरस ठरते, याचे मला मनस्वी समाधान वाटते.

बाळंतिणीस दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देण्याची कोकणातील रीत मला ठाऊक आहे, आणि आज्यांच्या अनुभवाचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. तथापि खरी चिंता बाळंतिणीहून गर्भिणीची: मिथिल पारा वार ओलांडून गर्भाच्या घडत्या मेंदूपर्यंत पोचतो. शिवाय मातेच्या देहातून त्याचा अर्धा हिस्सा निघून जाण्यासच सुमारे दीड-दोन महिने लागतात. तेव्हा अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रियांनी मोठी मुशी आधीपासूनच टाळावी, आणि मासळी मात्र सोडू नये, कारण तिच्यातील मेदाम्ले त्याच मेंदूस हवी असतात.

कॅडमियमची तऱ्हा निराळी. ते मांसापेक्षा आतड्यांत व पाचक ग्रंथीत साठते. म्हणून म्हाकूळ पोट काढून स्वच्छ करावे, आणि चिंबोरीच्या कवचाखालचा तपकिरी गर, कितीही चविष्ट असला तरी, वारंवार खाऊ नये. कालवे व तिसऱ्या पाणी गाळूनच जगतात, सबब त्या कोणत्या खाडीच्या आहेत, हे कोळणीस जरूर विचारावे. कारखान्याच्या नाल्याजवळच्या असतील तर घेऊ नयेत, कारण उकळण्याने रोगजंतू मरतात, धातू नव्हे.