ताटातलं नाव

पाताळगंगेकाठचं आपटा हे माझं गाव. आमच्या घरात सात पिढ्यांची वंशावळ आहे, लाल शाईच्या रेघांनी जोडलेली. परवा नातीने तिच्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, “आजोबा, यात बायका कुठायत?” एकही नव्हती!

जुन्या काळची बाई कागदांत शोधायची, तर लग्नापाशीच वाट अडते. ताटात तांदूळ पसरायचे, त्यांवर अंगठीने नवं नाव लिहायचं, की माहेरचं नाव पुसलं.

डॉ. आनंदीबाई जोशींचंच बघा. १८६५ साली जन्मली ती कल्याणच्या जोशींची यमुना. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. त्यात माहेरही जोशी, सासरही जोशी! गोपाळराव टपाल खात्यात. आपल्या अलिबागपासून कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरपर्यंत त्यांच्या बदल्या मांडाव्यात, तेव्हा बाईचा ठावठिकाणा लागतो. १८८३ साली नवऱ्यावाचून ती अमेरिकेला गेली आणि तिच्या स्वतःच्या नावाचे कागद सुरू झाले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध, १८८६ची पदवी. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात ती गेली. वयाची बावीस वर्षंही भरली नव्हती. तिची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, तिला घरात ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनजागेत आहे. उद्या कोणी कार्पेंटर आपले पूर्वज शोधत तिथे गेला, तर त्याला त्यांच्यात एक जोशी भेटेल.

आपल्या पणज्या काही सातासमुद्रापार गेल्या नाहीत. त्यांना शोधायचं गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या कोतवाल बुकात, तलाठ्याकडच्या फेरफारात. नवरा वारला की वारसनोंदीत तिचं नाव लागतं. भावासाठी हक्क सोडला की कागदाच्या तळाशी तिचा अंगठा उमटतो. काहीतरी जातं, तेव्हाच ती कागदावर येते.

आणखी एक जागा आहे, श्राद्धाची. त्या दिवशी आई, आजी, पणजी अशी तीन नावं घ्यावी लागतात. वडिलांनी ती पंचांगाच्या मागच्या पानावर टिपून ठेवली होती. मी ती वंशावळीत लिहिली. पण ही सासरची, ताटातली नावं. आईचं माहेरचं नाव मला ठाऊक होतं, आजीचं नव्वदीच्या आत्याने सांगितलं. पणजीचं कुणालाच आठवेना. नातीने तिथे पेन्सिलीने एक चौकट आखून ठेवली आहे.