तपासणी अहवालाची गोपनीयता आणि ठेवीदाराचा हक्क

बँकिंग विनियमन कायदा, 1949 च्या कलम 35 ने रिझर्व्ह बँकेला कोणत्याही बँकेच्या वह्या, खाती आणि कागदपत्रे तपासण्याचा अधिकार दिला आहे. तपासणी अधिकारी कर्जखात्यांच्या फायली उघडतात. तारण खरे आहे का, थकलेले कर्ज चालू दाखवले आहे का, संचालकांच्या हितसंबंधीयांना कर्ज गेले आहे का, हे पाहतात. त्यातून तयार होणारा अहवाल बँकेच्या व्यवस्थापनाकडे जातो, रिझर्व्ह बँकेच्या दप्तरी राहतो, आणि ज्यांच्या पैशावर बँक चालते त्या ठेवीदारांच्या हाती सहसा पडत नाही. त्याच कलमात एक तरतूद आहे, तिची चर्चा फार थोडी होते. रिझर्व्ह बँकेने सरकारला सादर केलेला अहवाल किंवा त्याचा आवश्यक वाटेल तो भाग, बँकेला वाजवी पूर्वसूचना देऊन, केंद्र सरकार प्रसिद्ध करू शकते. अहवाल कायमचा कुलूपबंद ठेवावा असे 1949 च्या कायद्याने म्हटलेले नाही. मात्र तो उघडायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर सोडले. मागण्याचा हक्क नागरिकाला मिळाला तो 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने.

गोपनीयतेच्या बाजूने दिली जाणारी कारणे हलक्यात घेण्यासारखी नाहीत. बँकेने ठेवी घेतलेल्या असतात त्या मागताक्षणी किंवा मुदतीअंती परत करायच्या अटीवर, आणि दिलेली कर्जे मात्र वर्षानुवर्षांनी वसूल व्हायची असतात. सगळे ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले तर सुस्थितीतली बँकही पैसे पुरवू शकत नाही. अहवालातल्या एखाद्या कडक शेऱ्याने अशी झुंबड उडाली, तर जी त्रुटी सहा महिन्यांत दुरुस्त झाली असती ती बँकेच्या मुळावर येते. शिवाय पहिल्या अहवालातले निष्कर्ष अंतिम नसतात. बँक त्यावर उत्तर देते आणि काही शेरे मागेही घेतले जातात. अहवालात कर्जदारांची नावे, त्यांचे व्यवहार, त्यांच्या अडचणी असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा काहीच दोष नसतो. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 45ई ने तर बँकांकडून आलेली पतविषयक माहिती गोपनीयच मानली आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याला तपास कुठवर आला हे कळले, तर कागद नाहीसे होतात आणि मालमत्ता दुसऱ्यांच्या नावावर जाते.

ही कारणे खरी असली तरी त्यांतल्या प्रत्येकाला काळाची मर्यादा आहे. झुंबडीची भीती बँक सावरली किंवा बुडाली की संपते, आणि पुरावा नष्ट होण्याची भीती आरोपपत्र दाखल झाल्यावर फारशी उरत नाही. टिकून राहते ती कर्जदाराच्या खासगीपणाची बाब, आणि ती नावे झाकून सांभाळता येते. गोपनीयता तपासाच्या कामासाठी असते, ती तपासल्या जाणाऱ्या संस्थेच्या मालकीची नसते. एवढा भेद धरून ठेवला तर या विषयातली निम्मी गुंतागुंत सुटते.

माहिती अधिकार कायद्याचे कलम 8 याच भेदावर उभे आहे. पोटकलम (1) मध्ये देशाचे आर्थिक हितसंबंध, वाणिज्यिक गुपिते, विश्वासाश्रित संबंधातून मिळालेली माहिती, तपासात अडथळा आणणारी माहिती, वैयक्तिक माहिती असे अपवाद दिले आहेत. पोटकलम (2) नुसार लोकहित संभाव्य हानीपेक्षा मोठे असेल तर अपवादात बसणारी माहितीही देता येते. कलम 22 मुळे हा कायदा 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यावरही मात करतो. तपासाच्या अपवादाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भगतसिंग खटल्यात एक मोलाची गोष्ट स्पष्ट केली. तपास चालू आहे एवढे सांगणे नकार द्यायला पुरत नाही. माहिती दिल्याने त्या तपासात नेमका कसा अडथळा येईल, हे नाकारणाऱ्या कार्यालयाने दाखवले पाहिजे. सरकारी कार्यालयांतून येणारी ‘प्रकरण तपासाधीन आहे’ ही एका ओळीची उत्तरे या कसोटीवर टिकत नाहीत, तरी ती आजही दिली जातात.

रिझर्व्ह बँकेची मुख्य लढाई झाली ती विश्वासाश्रित संबंधाच्या अपवादावर. बँका आम्हाला विश्वासाने माहिती देतात, म्हणून ती आम्ही बाहेर देऊ शकत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. केंद्रीय माहिती आयोगात तत्कालीन आयुक्त शैलेश गांधी यांनी 2011 मध्ये तो फेटाळून माहिती देण्याचे आदेश काढले. प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 16 डिसेंबर 2015 रोजी न्या. एम. वाय. इक्बाल आणि न्या. सी. नागप्पन यांच्या खंडपीठाने जयंतीलाल मिस्त्री खटल्यात निकाल दिला. बँका रिझर्व्ह बँकेला माहिती देतात ती कायद्याने द्यावी लागते म्हणून. रिझर्व्ह बँक त्या बँकांच्या भल्यासाठी काम करणारी विश्वस्त नाही. तिचे कर्तव्य लोकहिताशी, ठेवीदारांशी, देशाच्या अर्थव्यवस्थेशी आहे. आर्थिक हितसंबंधांचा मुद्दाही न्यायालयाला पटला नाही.

एवढ्या स्पष्ट निकालानंतर दप्तर उघडायला हवे होते. झाले उलटे. रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये आपले प्रकटीकरण धोरण आखले आणि कोणती माहिती द्यायची नाही याच्या यादीत तपासणी अहवालही घातले. न्यायालयाच्या अवमानाची याचिका दाखल झाली. 26 एप्रिल 2019 रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. एम. आर. शहा यांनी हे धोरण 2015 च्या निकालाविरुद्ध असल्याचे सांगून त्यातले तेवढे भाग मागे घ्यायला लावले. शिक्षा केली नाही, शेवटची संधी दिली. त्यानंतर बँका स्वतः पुढे आल्या. निकाल परत घ्यावा हे त्यांचे अर्ज एप्रिल 2021 मध्ये फेटाळले गेले. मग काही बँकांनी रिट याचिका केल्या. 30 सप्टेंबर 2022 रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. सी. टी. रविकुमार यांनी, त्या ऐकताच येणार नाहीत हा आक्षेप अमान्य केला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा नऊ न्यायमूर्तींचा निर्णय 2017 चा, म्हणजे मिस्त्री निकालानंतरचा. माहितीचा हक्क आणि खासगीपणाचा हक्क यांचा तोल 2015 मध्ये विचारात घेतला गेलेला दिसत नाही, असे प्रथमदर्शनी मत या खंडपीठाने नोंदवले. खासगीपणाचा हा मुद्दा खातेदाराच्या बाबतीत निःसंशय रास्त आहे. बँक मात्र माणूस नाही. तिच्या कर्जवाटपातल्या ढिलाईला माणसाच्या खासगीपणाचे संरक्षण मिळू नये.

या प्रश्नाची झळ महाराष्ट्राला फार जवळून बसली आहे. 23 सप्टेंबर 2019 रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, आणि सुरुवातीला प्रत्येक खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा राहिली. मुंबईत निवृत्त माणसे, छोटे दुकानदार, गृहनिर्माण संस्था यांची आयुष्यभराची पुंजी एका रात्रीत अडकली. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा 1 लाख होती. 5 लाखांची मर्यादा आली ती फेब्रुवारी 2020 मध्ये. तपासणी अहवाल खुला असता तर हे टळले असते, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. पोलिसांकडच्या तक्रारीनुसार एका बांधकाम समूहाची कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपवलेली होती, म्हणजे खुद्द तपासणी अधिकाऱ्यांनाच खोटे दप्तर दाखवले गेले. अहवाल उघड करण्याचा लाभ त्यात जे पकडले गेले आहे त्यापुरताच. तरी एखाद्या कर्जदारावर अवाजवी भर, वर्षानुवर्षे दुरुस्त न झालेल्या त्रुटी, संचालकांची बेफिकिरी अशा गोष्टी कळल्या, तर ठेवीदार सगळे पैसे एकाच जागी ठेवण्यापूर्वी विचार करतो.

गोपनीयता एकतर्फी वापरली गेली की काय होते, याचे उदाहरण 2019 मध्येच घडले. येस बँकेने फेब्रुवारीत जाहीर केले की रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तिच्या थकीत कर्जांच्या आकड्यात कोणतीही तफावत आढळली नाही. शेअरचा भाव एका दिवसात उसळला. रिझर्व्ह बँकेने तिला कडक पत्र पाठवले. अहवाल गोपनीय होता, त्यात इतर उणिवाही नोंदवल्या होत्या, आणि सोयीचा तेवढाच भाग सांगणे ही लोकांची दिशाभूल होती. 5 मार्च 2020 रोजी याच बँकेवर निर्बंध लागले. बंद अहवालातली आनंदाची बातमी बाहेर काढायला बँकेला संधी मिळते, वाईट बातमी बाहेर काढायला कोणीच नसते.

ज्याच्याविरुद्ध तपास आहे त्याचाही हक्क आहे. सेबीच्या संदर्भात टी. ताकानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 18 फेब्रुवारी 2022 रोजी ठरवले की कारवाईशी संबंधित तपास अहवाल नोटीस मिळालेल्या व्यक्तीला दाखवला पाहिजे. त्रयस्थांची खासगी माहिती किंवा बाजाराच्या स्थैर्याला बाधणारा भाग तेवढा झाकता येईल, पण कारण देऊन. पुढच्याच वर्षी राजेश अगरवाल खटल्यात कर्जखाते ‘फसवणूक’ ठरवण्यापूर्वी कर्जदाराची बाजू ऐकावी आणि त्याला लेखापरीक्षण अहवाल द्यावा, असे सांगितले गेले. ग्राहक बँक लोकपालाकडे जातो तिथेही हेच तत्त्व लागू पडते. 2006 च्या योजनेत लोकपालाने कागदपत्रे गोपनीय ठेवावीत असे होते, पण नैसर्गिक न्यायासाठी लागेल तेवढी माहिती दुसऱ्या बाजूला देण्याची मोकळीक होती.

आज जे उघड आहे तेही पाहायला हवे. दंड केला की रिझर्व्ह बँक बँकेचे नाव, रक्कम आणि थोडक्यात कारण प्रसिद्ध करते. ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेवर हे भाष्य नाही, असे त्या पत्रकात नमूद असते. निर्बंधांचे आदेशही जाहीर होतात, पण तोवर पैसे अडकलेले असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार लेखापरीक्षकाचा अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा लागतो. सभेत बसायचा हक्क मात्र सभासदाचा, आणि नागरी बँकेतला सामान्य ठेवीदार बहुधा सभासद नसतो.

माहिती अधिकार कायद्याचे कलम 10 इथे सर्वांत उपयोगी पडणारे आहे. कागदाचा न देण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यावा, असे ते सांगते. तपासणी अहवालात हे करणे अवघड नाही. खातेदारांची आणि निर्दोष कर्जदारांची नावे, चालू फौजदारी तपासाचे धागे झाकता येतात. भांडवलाची स्थिती, थकीत कर्जांचा तपासणीत आढळलेला आकडा, मागच्या अहवालातल्या कोणत्या त्रुटी तशाच राहिल्या आणि त्यांवर बँकेचे उत्तर काय, एवढे ठरावीक मुदतीनंतर देता येते. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये थकीत कर्जांतली मोठी तफावत ताळेबंदाच्या टिपांमध्ये जाहीर करणे बँकांना बंधनकारक केले. ती तफावत जाहीर झाल्याने बँकांवर ठेवीदारांच्या रांगा लागल्या नाहीत.