तळ्यात माशांची दाटी नको

युरोपात नॉर्वेच्या लोकांनी १९७० च्या सुमारास समुद्रात जाळीचे पिंजरे टाकून सॅमन मासा वाढवायला घेतला. धंदा फोफावला, पण पिंजऱ्यातल्या दाटीत माशांना समुद्री उवा फार लागल्या. त्यावर आजही तिथं पैसा ओतावा लागतोय.

आपल्या रोहू-कटल्याला गोवंडीसारख्या मुंबईच्या वस्त्यांत गिऱ्हाईक आहे, म्हणून हाव सुटते. पण एका गुंठ्याच्या तळ्यात पन्नासेक बोटुकलीच सोडा. कटला वर चरतो, रोहू मध्ये, मृगळ तळाशी; तिन्ही मिसळून सोडा. ढगाळ हवेत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, की पाण्यातला प्राणवायू घटला समजा. त्या दिवशी खाद्य बंद. पंप लावून ताजं पाणी उंचावरून पाडा.