वाळूवरचा वाद



ख्रिस्ती माणसाने आपल्या धर्माच्या विरोधकाशी कसे वागावे, याची परीक्षा १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झाली. एका बाजूस विष्णुबावा ब्रह्मचारी, दुसरीकडे पाद्री मंडळी. त्यांत अमेरिकन जॉर्ज बोवेन. बावांनी ख्रिस्ती मतावर कडाडून हल्ला करावा, पाद्र्यांनी उत्तर द्यावे. ऐकायला कोणीही यावे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वाटाघाटींत आम्ही आधी पाहतो, टिपण कोणाच्या हाती आहे. या वादाचे इंग्रजी पुस्तक बोवेननेच काढले! तेव्हा ते जपूनच वाचावे. तरी विरोधकाचे आक्षेप त्याने छापले, हे थोडे नव्हे.

बोवेन स्वतः तरुणपणी नास्तिक होता. मुंबईत आल्यावर त्याने मिशनचा पगार सोडला आणि गरीब वस्तीत राहिला. १८८८ साली तो येथेच वारला. पगार सोडा, असे आम्ही कोणास सांगणार नाही, ते आमच्या धंद्यात बसत नाही. पण पोटासाठी धर्म सांगतो, हा आरोप त्याच्यावर कोण करणार?

बावांनी १८६७ साली राज्यप्रकरणी निबंध लिहिला. सर्व राज्य एक कुटुंब, मिळकत सर्वांची, असे त्यांचे म्हणणे. बायबलात पहिल्या ख्रिस्ती मंडळीची मिळकतही सामायिकच सांगितली आहे. वाळूवर त्रैक्यावर पुष्कळ बोलणे झाले. या गोष्टीवर दोघे समोरासमोर बसले असते, तर आम्ही पहिल्या रांगेत जागा धरली असती.