डबल बेल

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी माझी ओळख 'सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि चित्रकथाकार' अशी करून दिली गेली. यातल्या पहिल्या शब्दाला २३ वर्षं झाली, दुसऱ्याला जेमतेम दोन. त्यामुळे दुसरा ऐकला की अजून मी मागे वळून बघते, कोणाबद्दल बोलताहेत म्हणून.

चित्रकलेच्या बाई समोरच बसल्या आहेत, तेव्हा आधी एक कबुली देते. एलिमेंटरीला मला 'ए' ग्रेड मिळाली, तेव्हा बाईंनी इंटरमिजिएटचा फॉर्म स्वतः आणून माझ्या हातात दिला होता. तो मी भरला नाही. गणितात बरे मार्क पडणाऱ्या मुलीने चित्रं काढत बसायचं नसतं, हे मीच ठरवलं होतं. बाईंना मात्र सांगितलं, "बाबा नको म्हणाले." बाई, बाबा काहीच म्हणाले नव्हते. त्यांना मी विचारलंच नव्हतं.

माझे बाबा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील. वाडीवस्तीवरून शाळेत येणारी मुलं ज्या सकाळच्या एसटीने यायची, तिचे ते कंडक्टर. खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांची पेटी आणि "पुढे सरका, गाडी मागे रिकामी नाही" हे ठरलेलं वाक्य. चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं समजतं, काय म्हणायचं तेही ठाऊक असतं, पण शब्द बाहेर येत नाही. याला अफेजिया म्हणतात. आयुष्यभर गाडीभर माणसांशी बोललेला माणूस गप्प झाला.

मी इंजिनिअर. पंधरा दिवसांत टॅबलेटवर एक ॲप केलं. ४८ चित्रं, बोट ठेवलं की शब्द ऐकू येणार. बाबांनी दोन दिवस बघितलं आणि टॅबलेट बाजूला सारला. मला राग आला. मग आईने दाखवलं : चहासाठी मी कपबशीचं चित्र टाकलं होतं. बाबा जन्मभर स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायलेत. ते घर त्यांचं नव्हतंच.

त्या रात्री मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर मी आमचा पेला काढला, कडेला पोचा आलेला. मग आमची मोरी, आमची पडवी, त्यांची खुर्ची. दुसऱ्या दिवशी तीन चौकटी ओळीने काढल्या : आधी गोळी, मग आंघोळ, मग पडवीत खुर्ची. बाबांनी पान पाहिलं, डाव्या हाताने पलंगाच्या दांड्यावर दोनदा टकटक केलं आणि माझ्याकडे बघत राहिले. डबल बेल. गाडी जाऊ द्या! तेव्हापासून आमच्या घरात एक टकटक म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला.

त्या तीन चौकटी म्हणजे माझी पहिली चित्रकथा, हे मला फार नंतर कळलं. शाळेच्या वाचनालयात 'किशोर' आणि 'चांदोबा'वर आपण तुटून पडायचो, पण ते कोणीतरी बसून करतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बेचाळिसाव्या वर्षी मी पहाटे पाच ते साडेसहा बसायला लागले. हात वळत नव्हता. ऑफिसात माझ्या हाताखाली चौदा माणसं, आणि इथे मला सायकलवरचा माणूस काढता येत नव्हता. चाळिशीत नवशिकं होण्यात कष्टापेक्षा लाजच जास्त असते.

पहिली बारा पानं एका संपादकांना पाठवली. ती परत आली, सोबत एक ओळ : "चित्रात जे दिसतं आहे, तेच तुम्ही खाली लिहिलं आहे." आठवडाभर मी रुसून बसले. मग सगळा मजकूर खोडला आणि जिथे गोष्ट कळेनाशी झाली तेवढाच परत लिहिला. दोन चौकटींच्या मधली जी कोरी पट्टी असते, तिथलं वाचकाने स्वतः भरायचं असतं. आणखी एक धडा आपल्या लिपीचा. वर वेलांट्या, खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की एकमेकींवर चढतात. म्हणून संवादाचा फुगा आधी काढायचा नाही. आधी अक्षरं, मग फुगा, मग माणसं. असं एक पान पुरं व्हायला मला अजूनही अकरा तास लागतात.

बाबांच्या आजारपणावरची बत्तीस पानं पुरी झाली, तेव्हा छापण्याआधी ती त्यांना दाखवली. वाकडं तोंड, लुळा हात, सगळं हुबेहूब काढलं होतं. त्यांनी पहिल्याच पानावर एकदा टकटक केलं. थांबा. मग डाव्या हातात पेन्सिल मागून घेतली आणि चित्रातल्या स्वतःच्या खांद्यावर एक वेडीवाकडी पेटीसारखी आकृती काढली. ती कंडक्टरची बॅग होती, हे कळायला मला वेळ लागला. मी पेशंट काढला होता, माणूस राहूनच गेला होता. बत्तीसच्या बत्तीस पानं मी पुन्हा काढली. पुस्तकात आता बाबा पलंगावर असले तरी बॅग खांद्याला असते. त्यांची ती रेघ पहिल्या पानावर आहे तशीच ठेवली आहे.

'हे वय आहे का?' असं आडून-आडून विचारणारे इथेही असतील. अनंत पै यांचं शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचं. 'अमर चित्र कथा' त्यांनी १९६७ मध्ये सुरू केली तेव्हा ते अडतिशीचे होते. एमिल फेरिस या अमेरिकन बाईंना चाळिशीत डासामार्फत पसरणाऱ्या एका तापाने अर्धांग आणलं. हाताला पेन बांधून त्या पुन्हा चित्र काढायला शिकल्या आणि २०१७ साली, पंचावन्नच्या घरात, त्यांचं पहिलं मोठं चित्रकादंबरीचं पुस्तक आलं. ही फार मोठी माणसं, मी त्यांच्या पंगतीतली नाही. पण उशीर या शब्दाची भीती त्यांच्यामुळे कमी झाली.

हिशेबही सांगते, कारण नुसती स्फूर्ती देऊन पळून जाणं बरं नव्हे. नोकरी सोडलेली नाही. आठवड्याचे चार दिवस मागून घेतले, पगार पाचव्या हिश्शाने घटला. पुस्तकाच्या ३०० प्रती छापल्या, २१० गेल्या. छपाईचा खर्च निघाला, माझ्या तासांचा नाही. एका दिवाळी अंकात दरवर्षी चार पानं असतात. आणि दोन रुग्णालयांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी चित्रपत्रकं करून घेतली, त्याचे रीतसर पैसे मिळाले. एवढीच माझी कारकीर्द. मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी आहे तोवर याहून मोठी उडी मारणार नाही.

आता एक मागणं. पुढचं पुस्तक त्या सकाळच्या गाडीवर करते आहे. बाबांना विचारते, ते दांड्यावर हो-नाही सांगतात. पण गाडीच्या आतलं तुम्हालाच माहीत. मी कंडक्टरची मुलगी असले तरी घर शाळेजवळ असल्याने त्या गाडीने कधी आलेच नाही. कोणाकडे तेव्हाचा पास असेल, कोण कुठे बसायचं, खिडकी कुठली अडकायची, कोणाला बाबा ओरडले, कोणाचे पैसे कमी पडले तेव्हा काय म्हणाले, हे सगळं मला हवं आहे. जेवणानंतर मी व्हरांड्यात वही घेऊन बसते. ओरडलेलं आधी सांगा.

आणि बाई, इंटरमिजिएटचा फॉर्म आता मिळणार नाही. पण माझ्या पुस्तकाची एक प्रत तुमच्यासाठी आणली आहे. चुका लाल पेनाने दाखवून परत द्या.